संवेदना नाही, तरी वेदना का?

मित्रहो, आपल्या मराठी विभागात दरवर्षी हॉस्टेलच्या आठवणी, मेसची भाजी आणि पहिल्या पावसावरच्या कविता येतातच. यंदा मी जरा अभ्यासाचा विषय घेतला आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांचे जुनाट दुखणे आणि ते कशाकशाने कमी-जास्त होते, हा तो विषय. वाचायला वैद्यकीय वाटेल, पण यात सेन्सर आहेत, केबल आहे, अॅम्प्लिफायर आहे आणि शेवटी आपल्या ग्रंथालयाचा रॅम्पसुद्धा आहे. तेव्हा ‘हा मेडिकलवाल्यांचा प्रांत’ म्हणून पान उलटू नका.

विषय निवडण्याचे कारण म्हणजे माझे मामा. राजापूर तालुक्यात त्यांची थोडी कलमे आहेत. २०१३ च्या मे महिन्यात आंबे उतरवताना ते झाडावरून पडले आणि पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. तेव्हापासून ते व्हीलचेअरवर आहेत. पाय हलत नाहीत, बेंबीच्या खाली स्पर्श कळत नाही. आणि तरीही त्यांचे पाय जळतात. ‘निखाऱ्यावर ठेवल्यासारखे’ हे त्यांचेच शब्द.

भेटायला येणारे विचारतात, “चिमटा काढला तर कळत नाही, मग दुखतंय कसं?” एका नातेवाइकांनी तर तोंडावर सांगितले, “हे सगळे मनाचे खेळ.” मामा आता वाद घालत नाहीत, गप्प बसतात. त्यांचे ते गप्प बसणे मला जास्त लागते. म्हणून गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी व्हीलचेअर हा विषय घेतला, तेव्हा सोबत या प्रश्नाचाही पाठपुरावा केला. एका पुनर्वसन केंद्रातल्या फिजिओ मॅडमनी बरेच समजावून सांगितले, पुढचे वाचून काढले. त्यातले जे मला नीट उमगले ते इथे मांडते.

केबल तुटली म्हणजे काय होते?

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कंबरेच्या वरच्या भागापर्यंत मणक्यांच्या पोकळीतून जाणारी, साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड अशी दोरी. तिच्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मेंदूचे हुकूम खाली आणि शरीराच्या बातम्या वर, अशी दुहेरी वाहतूक तिच्यातून चालते. इजा जितकी वर, तितके जास्त शरीर तुटते. मानेत झाली तर हातही जातात, पाठीत झाली तर हात वाचतात आणि पाय जातात. दहाव्या मणक्याच्या पातळीचा तंतू त्वचेवर बरोबर बेंबीच्या रेषेत येतो, म्हणून मामांची सीमारेषा तिथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात दीड कोटींहून अधिक लोक अशा इजेसह जगत आहेत. वाहनांचे अपघात आणि उंचावरून पडणे ही मोठी कारणे. आपल्याला यांचे चालणे गेलेले दिसते. दुखणे दिसत नाही. सिडनीच्या संशोधकांनी इजा झालेल्या काही जणांचा पाच वर्षे पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच वर्षांनंतर ८१ टक्के लोकांना कसले ना कसले दुखणे होतेच. म्हणजे मामा अपवाद नाहीत, उलट बहुसंख्यांपैकी आहेत.

दुखणे एक नाही, अनेक

आपण ‘दुखतंय’ हा एकच शब्द सरसकट वापरतो. पण कारण वेगळे असले की उपायही वेगळा. या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले. सोपे करून सांगायचे तर मुख्य प्रकार असे.

पहिला प्रकार स्नायू, सांधे आणि हाडांचा. खांदे, मनगटे, मान, पाठ. हे आपल्या सगळ्यांसारखेच दुखणे आहे. हालचालीने वाढते, विश्रांतीने कमी होते. सिडनीच्या अभ्यासात हेच सर्वांत जास्त, ५९ टक्के लोकांत आढळले.

दुसरा प्रकार पोटातल्या अवयवांचा. मूत्राशय, आतडी यांचे दुखणे. हे कमी लोकांत आढळते, पण आढळले की बरेचदा तीव्र असते.

तिसरा प्रकार मज्जातंतूंच्या बिघाडातून येणारा. याचे दोन पोटभाग. इजेच्या पातळीवर पट्टा आवळल्यासारखे दुखते तो एक, हा त्या अभ्यासात ४१ टक्के लोकांत होता. पातळीच्या खाली, जिथे स्पर्शही कळत नाही तिथे आग, भगभग, मुंग्या, विजेची चमक जाणवते तो दुसरा, हा ३४ टक्के लोकांत. पातळीवरचे दुखणे बहुधा लवकर सुरू होते. खालचे मात्र काही महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा उगवते. त्यामुळे घरच्यांना वाटते, ‘इतके दिवस नव्हतं, आता कुठून आलं?’ आणि संशयाला जागा मिळते.

टक्क्यांची बेरीज शंभरावर का जाते असे विचाराल, तर एकाच माणसाला दोन-तीन प्रकार एकदम असू शकतात. मामांना पहिला आणि तिसरा, दोन्ही आहेत.

उघडा इनपुट आणि फिरवलेला गेन

आता मूळ प्रश्न. सिग्नल येतच नाही, तर दुखते काय?

इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोपचा प्रोब कशालाच न जोडता नुसता धरून पाहा. पडद्यावर सरळ रेषा यायला हवी, पण येते ती ५० हर्ट्झची गुणगुण. इनपुट उघडा राहिला की सर्किट शांत बसत नाही, आसपासचा गोंगाट उचलते. गेन जितका जास्त, तितका गोंगाट मोठा.

मज्जारज्जूत असेच काहीसे घडते. खालच्या बातम्या बंद झाल्या की इजेच्या आसपासच्या आणि वरच्या चेतापेशी जास्तच हळव्या होतात, कारण नसताना आपणहून सिग्नल सोडू लागतात. वेदनेच्या सिग्नलला आवर घालणाऱ्या पेशी आणि मेंदूकडून खाली येणारे ‘आवाज कमी कर’ असे हुकूम, हे दोन्हीही इजेत विस्कळीत होतात. शिवाय तपासणीत ‘पूर्ण’ वाटणाऱ्या इजेतही काही तंतू शिल्लक असू शकतात आणि ते अर्धवट, चुकीच्या बातम्या वर पोचवतात. मेंदूकडे पायांचा नकाशा तर शाबूत असतोच. तो आलेला गोंगाट त्या नकाशावर लावतो आणि माणसाला पाय जळताना जाणवतात. जळणे पायात घडत नाही, पण जळण्याची जाणीव शंभर टक्के खरी असते.

उपमा अर्थात एका मर्यादेपर्यंतच चालते. कारण या अॅम्प्लिफायरच्या गेनची कळ एकाच ठिकाणी नाही. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये वेदनेचा ‘द्वार सिद्धान्त’ मांडला. मज्जारज्जूत एक प्रकारचे फाटक असते आणि ते किती उघडे राहील हे इतर संवेदनांवर आणि मेंदूच्या स्थितीवरही ठरते, असा त्याचा गाभा. त्याच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण वेदना म्हणजे जखमेपासून मेंदूपर्यंतची साधी तार नव्हे, ही गोष्ट पक्की झाली. १९७७ मध्ये जॉर्ज एंगल या डॉक्टरांनी आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही बाजूंनी पाहा असे सांगितले. मामांच्या दुखण्याला ही चौकट चपखल बसते. पुढचा हिशोब तिच्याच आधाराने करू.

शरीराच्या बाजूने

आपल्याला वाटेल, इजा जितकी मोठी तितके दुखणे मोठे. पण तसा सरळ आलेख निघत नाही. पूर्ण इजा असलेला एखादा जवळजवळ विनादुखणे जगतो आणि अपूर्ण इजा असलेला, थोडाफार चालू शकणारा दुसरा रात्र-रात्र तळमळतो. म्हणजे फक्त एक्स-रे आणि एमआरआय पाहून कोणाला किती दुखत असेल ते सांगता येत नाही.

मात्र दुखणे भडकवणाऱ्या काही गोष्टी स्पष्ट आहेत. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, त्वचेवर दाबाने पडलेली जखम, पायांना येणारे गोळे, फार वेळ एकाच बैठकीत बसणे, थंडी, दमणूक. गंमत बघा, मूत्राशयाची जळजळ मामांना तिथल्या तिथे कळत नाही. तिची वर्दी पायांची आग वाढून मिळते. म्हणून मामींनी एक क्रम ठरवला आहे. आग वाढली की आधी कॅथेटर आणि लघवी पाहायची, मग पोट साफ झाले का, मग माकडहाड आणि टाचांची त्वचा, मग गादी. गोळी त्यानंतर. आपल्या भाषेत हा ट्रबलशूटिंगचा फ्लोचार्टच.

दोन गोष्टी मात्र घरी थांबून पाहायच्या नाहीत. वर्षानुवर्षे एकसारखे असलेले दुखणे अचानक बदलले, वरवर सरकू लागले किंवा हातातली ताकद कमी होऊ लागली, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होत असू शकते. डॉक्टरांना लगेच दाखवावे. आणि ज्यांची इजा पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर आहे, त्यांचे डोके अचानक ठणकू लागले, चेहऱ्याला घाम सुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. बरेचदा कारण तुंबलेले मूत्राशय असते. ही तातडीची वेळ समजावी.

खांद्याचे गणित

आता आपला प्रांत. खांद्याचा सांधा हात सगळीकडे फिरावा म्हणून बनला आहे, अंग पेलण्यासाठी नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्याचा खांदा मात्र पायाचे काम करतो. पलंगावरून खुर्चीत जाताना सगळे वजन त्याच्यावर, आणि दिवसभर चाके ढकलायची तीही त्यानेच. एका ढकलीत एक मीटर अंतर गेले असे धरा, म्हणजे एक किलोमीटरला हजार ढकली.

मामांचे वजन ७० किलो, खुर्ची हॉस्पिटलछाप, २० किलोची. एकूण ९० किलो, म्हणजे सुमारे ८८३ न्यूटन. सपाट, गुळगुळीत फरशीवर लोळणघर्षणाचा गुणांक ०.०१५ धरला तर लागणारे बल सुमारे १३ न्यूटन. १:१२ चढावर उताराचा घटक ७३ न्यूटन, घर्षण धरून ८६. आणि १:७ चढावर तोच आकडा १२५ अधिक १३, म्हणजे १३८ न्यूटन. सपाटीच्या दहापटीहून जास्त. त्यातही हात पूर्ण वेळ कडीवर नसतो, एक ढकल संपून दुसरी सुरू होईपर्यंत खुर्ची मागे येऊ पाहते, त्यामुळे प्रत्यक्ष ढकलताना याहून जास्त जोर लागतो. कडीचा व्यास चाकापेक्षा लहान असतो, त्याचा तोटा वेगळा.

यावर उपाय आहेत आणि ते यांत्रिकीच्या पुस्तकातलेच आहेत. खुर्ची शक्य तितकी हलकी हवी. आस थोडा पुढे घेतला की ढकलायला सोपे जाते, पण खुर्ची मागे उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून मागे टेकण्या लावाव्या लागतात. हात कडीच्या सर्वांत वरच्या बिंदूवर असताना कोपराचा कोन १०० ते १२० अंश असावा. तोकड्या, घाईच्या धक्क्यांऐवजी लांब, संथ ढकल मारावी आणि परत येताना हात कडीच्या खालून आणावा. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टायरमध्ये हवा भरणे. मामांच्या खुर्चीची हवा निम्मी होती. पंप मारला तेव्हा ते म्हणाले, “अगं, खुर्ची बदललीस की काय?” जोडीला फिजिओ मॅडमनी खांद्याच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम दिले. पायांच्या आगीला याने फरक पडला नाही, पडणारही नव्हता. खांदा मात्र पुष्कळ सुधारला.

मन आणि माणसे

इथे नीट वाचा, कारण ‘मनाचे खेळ’वाले इथेच घसरतात. मनाचा दुखण्यावर परिणाम होतो याचा अर्थ दुखणे मनाने रचलेले आहे असा होत नाही. व्हॉल्यूमचे बटण फिरवता येते म्हणून रेडिओवरचा कार्यक्रम खोटा ठरत नाही.

झोप हे सर्वांत मोठे उदाहरण. दुखण्याने झोप लागत नाही आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी दुखणे वाढते. औदासीन्याचेही तसेच, दोन्ही दिशांनी. ‘आता हे असंच वाढत जाणार, माझं सगळं संपलं’ असा विचार सतत घोळवणाऱ्यांना त्रास जास्त जाणवतो, आणि ‘दुखणं आहे, पण मी माझी कामं करू शकतो’ असा विश्वास असणाऱ्यांचा दिवस दुखण्याने कमी अडतो, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. रात्री दुखणे वाढते याचे एक कारण हेच, की लक्ष दुसरीकडे नेणारे काहीच नसते.

मामांना मी एक वही दिली. रोज ० ते १० मध्ये आकडा, झोपेचे तास, पोट साफ की नाही, आणि दिवसभर काय केले. दोन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा मोठे आकडे जागरणानंतरच्या आणि पोट साफ न झालेल्या दिवशी जास्त दिसले. आणि हंगामात पेट्यांचा हिशोब मामा स्वतः सांभाळत होते, त्या दिवसांत दुपारचे आकडे लहान. एका माणसाची वही म्हणजे संशोधन नव्हे, हे मला कळते. पण डॉक्टरांनी ती पाहून औषधाची वेळ बदलली, आणि मामांच्या हातात बोलायला काहीतरी आले.

घरच्यांचे वागणेही गेन फिरवते. अविश्वासाने माणूस आतल्या आत मिटतो. पण दुसऱ्या टोकाला जाऊन ‘तुम्ही काही करू नका, पडून राहा’ अशी काळजी केली, तरी हालचाल आणि उमेद दोन्ही कमी होतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांना झोपवून ठेवण्याऐवजी काम आणि खेळ उपचारात आणले. १९४८ च्या त्यांच्या स्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. त्याच पॅरालिम्पिकमध्ये १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले आपले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. खेळाने दुखणे जाते असा दावा मी करत नाही. पण करायला काहीतरी असणे, कोणी वाट पाहत असणे, हा उपचाराचाच भाग आहे.

औषधांबद्दल थोडे

तंतूंच्या दुखण्यावर आपल्या खोलीतल्या डब्यात असते ती क्रोसिन फारशी चालत नाही. त्यासाठी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन ही मूळची फिट्सवरची किंवा अॅमिट्रिप्टिलिनसारखी मूळची औदासीन्यावरची औषधे देतात, कारण ती हळव्या झालेल्या चेतापेशींवर काम करतात. औदासीन्याची गोळी दिली म्हणजे डॉक्टरांनी दुखणे मनाचे ठरवले, असे मुळीच नाही. या औषधांनी दुखणे बहुधा काही प्रमाणात कमी होते, नाहीसे क्वचितच होते. झोप येते, चक्कर येते, आणि अॅमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठही होते, जे पुन्हा दुखणे वाढवू शकते. म्हणून गोळी सुरू करणे, वाढवणे, बंद करणे हे डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

आपल्या हातात काय?

मज्जारज्जू जोडणे आज कोणाच्याच हातात नाही. पण वरची यादी पुन्हा वाचा. बैठक, गादी, खुर्चीचे वजन, चढ, झोप, काम, आणि विश्वास ठेवणारी माणसे. यातल्या निम्म्या गोष्टी डॉक्टरांच्या नाहीतच. त्या आपल्या आहेत.

आपल्या ग्रंथालयाचा रॅम्प आम्ही तिघींनी टेप घेऊन मोजला. उंची ६० सेंटिमीटर, लांबी साधारण सव्वाचार मीटर. म्हणजे जवळजवळ १:७, वर गणितात आला तोच. सुगम्य इमारतींच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १:१२ पेक्षा तीव्र चढ नको, म्हणजे लांबी ७.२ मीटर हवी. जागा आहे, फक्त स्कूटर स्टँड थोडा सरकवावा लागेल. स्थापत्यच्या दोन मित्रांनी मधे सपाट टप्पा घेऊन आराखडा काढला आहे आणि तो आम्ही अर्जासोबत कार्यालयात दिला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अशी सोय करणे हे संस्थेचे काम ठरवले आहे, उपकार नव्हे. शिक्षक आणि कर्मचारी वर्गाने हे वाचून अर्जाला थोडा हात लावला, तर पुढच्या वर्षी इथे येणाऱ्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा खांदा पदवीपर्यंत टिकेल.

आणि जे फुकट आहे तेही सांगते. ज्याचे दुखणे दिसत नाही असा माणूस भेटला तर ‘कसं काय दुखतं?’ असे संशयाने विचारू नका. ‘आज किती आहे?’ असे विचारा. मामांना हल्ली मी फोनवर तेच विचारते. कधी “आज चार गं, बरा दिवस,” कधी “आठ, उद्या बोलू.” आकडा काहीही असो, तो खरा धरून पुढचे बोलायचे, एवढेच.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मुलींचे वसतिगृह)